मेश्राम मॅडमची कोठी

कोणत्याही सायबर कॅफेत शिरल्या की मेश्राम मॅडम आधी अर्ध्या तासाचे पैसे काउंटरवर ठेवत आणि आमच्या वडशाच्या नाटक कंपनीची वेबसाइट उघडून बसत. पान उघडत असताना बाकीची माणसं चित्राकडे बघतात. मॅडम पडद्याच्या अगदी खालच्या कडेला बघत. ब्राउझर या घटकेला कोणती फाइल मागवतो आहे, त्याची नावं तिथे बारीक अक्षरांत उमटत. ती नावं त्या मोठ्यानं वाचत आणि वाचता वाचता तापत. "लोगो. आत्ताच देल्ला होता, परत मांगला. किनार. परत मांगली. हे पाहा, पोस्टर बी परत मांगून राह्यला." ब्रह्मपुरीच्या एका कॅफेवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं की बाईंना बरं नाही का. मी म्हटलं, बाई ठणठणीत आहेत, तुमच्या फोनच्या लाइनला बरं नाही.

मॅडमचा राग खरा होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. या जगात रागवण्यासारखं पुष्कळ असतं आणि माणसं नको त्या गोष्टीवर रागवत बसतात. मॅडम नेमक्या जागी रागावत. त्यांच्यामागे आता वडशात त्यांचं नाव घेणारं फारसं कोणी उरलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. शांतपणे लिहीन असं काही मी कबूल करत नाही.

मी वडशात टायपिंगचा क्लास चालवत असे. टाइपरायटरचे दिवस भरले तेव्हा मी चार कॉम्प्युटर घेतले, दारावरची पाटी बदलली आणि मग लक्षात आलं की मला स्वतःलाच त्यातलं काही येत नाही. त्याच सुमाराला, म्हणजे दोन हजार चार-पाचच्या आसपास, सुलोचना मेश्राम नागपुरातली सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी सोडून गावी परत आल्या. आईला पक्षाघात झाला होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. वडील रेल्वेत गँगमन होते, ते आधीच गेले होते. स्टेशनच्या मागच्या वस्तीत विहाराला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. वस्तीतली इंजिनिअर झालेली ती पहिली मुलगी. नोकरी सोडून आली म्हणून अर्धी वस्ती हळहळत होती आणि उरलेली अर्धी तिला शहाणपण शिकवत होती. मॅडम कोणाचंच ऐकत नव्हत्या. एका दुपारी त्या माझ्या क्लासात आल्या, चारही कॉम्प्युटर चालू-बंद करून पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, मशीन चांगल्या आहेत. तुमी मात्र त्याईले मारून टाकान." दुसऱ्या दिवसापासून त्या शिकवायला येऊ लागल्या. मी त्यांच्याहून वयानं मोठा, पण त्यांना मॅडमच म्हणायचो, आणि त्या मला भाऊ म्हणायच्या.

त्यांचा स्वभाव मला पहिल्यांदा नीट कळला तो एका सरकारी कार्यालयात. आईच्या पेन्शनसाठी वडिलांच्या मृत्यूचा दाखला हवा होता. तो त्यांनी दिला. महिन्याभरानं पुन्हा मागितला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा मी सोबत होतो. टेबलामागचा माणूस वाईट नव्हता, नुसता सुस्त होता. मागचा कागद शोधण्यापेक्षा नवा मागणं त्याला सोपं वाटत होतं. मॅडमनी दाखला त्याच्यापुढे ठेवला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "माह्या बापानं एकदाच जीव सोडला, साहेब. दाखला किती डाव द्याचा?" तो माणूस वरमला. बाहेर आल्यावर मात्र त्या रस्त्यानं बसस्टँडपर्यंत बोलत होत्या. दिलेली वस्तू सांभाळायची नाही आणि दारात आलेल्याला परत परत घरी पिटाळायचं, ही या देशातली सगळ्यात मोठी चोरी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसाचा वेळ चोरला तर कोणी पोलिसात जात नाही, म्हणून ती चोरी सुखानं चालते.

आता वडसा म्हटल्यावर नाटक आलंच. दिवाळीनंतर भात कापून झालं की झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, गावागावांत मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. सगळ्या नाटक कंपन्यांची बुकिंग ऑफिसं वडशात. गावोगावच्या मंडळांची माणसं एसटीनं येणार, ऑफिसांच्या भिंतींवरची पोस्टरं बघणार, चहा पिणार, घासाघीस करणार आणि तारीख पक्की करून जाणार. कोरची किंवा धानोऱ्याकडच्या माणसाचा यात आख्खा दिवस मोडायचा, आणि इतकं करून हवी ती तारीख गेलेली असायची. तालुक्याच्या गावी सायबर कॅफे निघाले तसं त्यांतल्या एका कंपनीचे मालक दौलतभाऊ यांच्या डोक्यात आलं की आपल्या कंपनीची वेबसाइट करावी. मंडळाच्या पोरांनी तालुक्याला बसूनच नाटकं बघावीत, मोकळ्या तारखा बघाव्यात आणि फोन लावावा. कल्पना उत्तम होती. दौलतभाऊंच्या कल्पना नेहमीच उत्तम असत, हे मी नाकारत नाही.

साइट केली नागपूरच्या एका दुकानातल्या पोरांनी. ती त्यांच्या ऑफिसात झकास चालायची. कुरखेड्याच्या कॅफेत, खरखरणाऱ्या फोनवर, एक पान उघडेपर्यंत भारनियमनाची वेळ व्हायची. अर्धं पोस्टर आलं, हिरोईन कपाळापासून नाकापर्यंत दिसली, की लाइट गेली. दौलतभाऊ वैतागून माझ्या क्लासात आले आणि मॅडमनी ते काम घेतलं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. अशा पानावर दोन प्रकारचा माल असतो. एक रोज बदलणारा, म्हणजे कोणती तारीख मोकळी आणि कोणती गेली. तो दर वेळी ताजा तयार करूनच द्यावा लागतो. दुसरा न बदलणारा: पोस्टर, लोगो, पानाची किनार, बटणांची चित्रं. नागपूरच्या पोरांनी हा दुसरा मालही डेटाबेसात कोंबला होता. कोणीही पान उघडलं की प्रोग्रॅम तीच पोस्टरं पुन्हा बाहेर काढायचा आणि बिचाऱ्या टेलिफोनच्या तारेवरून पुन्हा पाठवायचा. एकाच माणसानं लागोपाठ दहा पानं उघडली तरी लोगो दर पानाला नव्यानं यायचा. मॅडमना ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा त्या कार्यालयातल्या टेबलापुढे झाला होता तसाच झाला.

त्यांनी सगळी चित्रं डेटाबेसातून काढून सर्व्हरवर एका साध्या फोल्डरमध्ये ठेवली. प्रोग्रॅमनं त्यांना हात लावायचा नाही. कोणी मागितलं की सर्व्हरनं फाइल उचलून द्यायची, बस. आणि देताना ब्राउझरला बजावायचं की ही वस्तू वर्षभर बदलणार नाही, तोवर मला विचारायला येऊ नकोस. मग ब्राउझर ती फाइल त्या कॅफेतल्या कॉम्प्युटरवरच जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच काढून दाखवतो. या साठ्याला कॉम्प्युटरवाले कॅशे म्हणतात. मॅडम कोठी म्हणायच्या. क्लासातल्या मुलांना त्या सांगत, "घरच्या कोठीत धान असताना बजारात काऊन जाता? पह्यले कोठी पाहा." दसऱ्याच्या सुमारास हे काम झालं. आम्ही दोघं कुरखेड्याला गेलो, कॅफेत बसलो, आणि दुसऱ्यांदा उघडल्यावर पान टपकन समोर आलं. मॅडम खालच्या कडेकडे बघत होत्या. तिथे काहीच उमटलं नाही. त्या हसल्या. त्या फार क्वचित हसत, म्हणून ते मला आठवतं.

आता दौलतभाऊंच्या कंपनीची हिरोईन शालूबाई. तिच्या नावावर गावं नाटक ठरवत. दिसायला साधी, पण गळा असा की मांडवाच्या शेवटच्या बाईच्या डोळ्यांत पाणी यावं. त्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. दिवाळीआधीच ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की हा हंगाम गाणं नाही, मोठ्यानं बोलणंसुद्धा नाही. तिनं दौलतभाऊंना तसं कळवलं. दौलतभाऊंनी दुसरी हिरोईन घेतली आणि आमच्याकडची जुनीच रीत वापरली. इथे नटी किंवा नट बदलला की कोणी नवं पोस्टर छापत नाही. छापील पोस्टरवर कागदाची पट्टी चिकटवतात. जुन्या नावावर नव्या नावाची पट्टी, जुन्या चेहऱ्यावर नव्या चेहऱ्याची. हंगाम संपेपर्यंत एकेका पोस्टरवर तीन-तीन पट्ट्या चढतात. लोकांनाही ते अंगवळणी पडलेलं.

वेबसाइटवरही ऑफिसातल्या ऑपरेटरनं तेच केलं. नव्या हिरोईनचं पोस्टर तयार केलं आणि जुन्याच नावानं जुन्या फाइलवर चढवलं. त्याच्या लेखी ही पट्टीच होती. आपल्या पडद्यावर बदल दिसेना, म्हणून त्यानं रिफ्रेशची कळ दाबली, नवा चेहरा आला आणि तो निश्चिंत झाला.

मंडया सुरू झाल्या. कुरखेड्याच्या पलीकडच्या एका गावात दौलतभाऊंचं नाटक लागलं. पडदा वर गेला, शालूबाई नाही. लोक उठले. खुर्च्या फेकल्या गेल्या. मंडळानं शालूबाईचा फोटो बघून नाटक ठरवलं होतं. मग कोणीतरी पुडी सोडली की शालूबाईनं इथले पैसे खाल्ले आणि तिकडे दुसऱ्या कंपनीत नाचायला गेली. पुडी सोडणाऱ्याचं काही जात नाही. ती पुडी त्या गावातून पुढच्या गावात गेली आणि तिथून वडशाच्या बाजारात आली. तिथे दोन माणसांनी शालूबाईला अडवून नको ते ऐकवलं. ती उत्तर देऊ शकली नाही. तिला आवाजच नव्हता.

ती आमच्या क्लासात आली ती गळ्याला रुमाल बांधून. मॅडमच्या कानाजवळ तोंड नेऊन कुजबुजत बोलली. आधी मला वाटलं, रडते आहे. ती रागात होती. आवाज नसलेल्या माणसाचा राग मी त्याआधी पाहिला नव्हता. तिचं म्हणणं एवढंच होतं की गळा बरा होईल, पण नाव गेलं तर पुढच्या हंगामात कोणती कंपनी घेईल. तिला दुसरं काही येत नव्हतं. नवऱ्यानं सोडलेली बाई, पदरात मुलगी. मग तिनं शेवटचं वाक्य जरा जोर लावून म्हटलं, ते मलाही ऐकू आलं. "मी तं सांगून निंगाली होती, मॅडम."

मॅडम तडक दौलतभाऊंच्या ऑफिसात. मी मागे. दौलतभाऊंनी शांतपणे आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर नवी हिरोईन, नवं नाव. ते म्हणाले, मी केव्हाच बदललं, तुमीच पाहून घ्या. मॅडमनी पडद्याच्या खालच्या कडेकडे पाहिलं. बाहेर येऊन त्यांनी कुरखेड्याची गाडी धरली.

कुरखेड्याच्या कॅफेत पान टपकन उघडलं. खालच्या कडेला काही उमटलं नाही. पडद्यावर शालूबाई हसत होती, तिचं नाव ठळक अक्षरांत. कोठीत धान होतं, कॉम्प्युटरनं बाजारात जायची गरजच मानली नव्हती. ज्या ज्या कॅफेत दसऱ्याला ते पोस्टर एकदा उघडलं गेलं होतं, तिथे तिथे ते अजून तसंच होतं. वर्षभर विचारू नकोस असं मॅडमनीच बजावलेलं. मॅडम बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसल्या. कॅफेवाल्यानं वेळ संपल्याचं सांगितलं तरी उठेनात. मग म्हणाल्या, "भाऊ, कोठी माही आहे. किडा बी माहाच."

मी त्यांची समजूत घालू लागलो की चूक ऑपरेटरची, त्यानं फाइलचं नाव बदलायला हवं होतं. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. पट्टी मारायची रीत इथे आहे हे मला माहीत नव्हतं का, असं त्या स्वतःलाच विचारत होत्या. इथे जन्म गेला आणि तरी ही सोय केली नाही. छापील पोस्टरवरची पट्टी भिंतीवर दिसते. कोठीतल्या पोस्टरवर पट्टी पोचतच नाही.

इथपर्यंत ही एक चूक होती. चुका होतात. संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा.

मॅडमनी दौलतभाऊंना सगळं समजावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या फाइलींना नवी नावं देते म्हणाल्या. नाव नवं असलं की ब्राउझरला ती वस्तू कोठीत सापडत नाही आणि त्याला नवी आणावीच लागते. दौलतभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. विड्याचं पान लावलं. मग म्हणाले की घाई कशाला, संक्रांत होऊ द्या. शालूबाईच्या फोटोवर बुकिंग बरं येऊन राहिलंय. "मी काय मुद्दाम केलं का? मशीननं केलं."

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे, तेव्हाही चढला नाही. त्या म्हणाल्या, "कालपर्यंत मशीननं केलं, दौलतभाऊ. आजपासून तुमी करून राह्यले."

दौलतभाऊ हसले. असं हसणं मी पुष्कळ पाहिलं आहे. समोरच्याचं म्हणणं खरं आहे आणि आपल्याला त्यानं काही फरक पडत नाही, हे दोन्ही एकाच वेळी सांगणारं ते हसणं. तोंडावर मॅडम मॅडम करणारा हा माणूस आम्ही पायऱ्या उतरत असताना आत कोणाला तरी म्हणाला, मेश्राम गँगमनची पोरगी आता आमाले धंदा शिकवन. ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं. मी वळलो. मॅडमनी माझी बाही धरून मला पुढे ओढलं.

क्लासात येऊन त्यांनी मालकाला न विचारता प्रत्येक पोस्टरला नवं नाव दिलं. शिवाय असा बंदोबस्त केला की पुढे कोणीही जुन्या नावावर नवी फाइल चढवू लागला तर साइटनं ती घ्यायचीच नाही. मला वाटलं, संपलं. मॅडमच्या लेखी अजून निम्मं काम उरलं होतं. पोस्टर सुधारलं. पण शालूबाईला शिव्या घालणाऱ्या माणसांच्या डोक्यात जे बसलं होतं ते कोण काढणार? तिथे रिफ्रेशची कळ नाही, असं त्या म्हणाल्या.

कुरखेड्यापलीकडच्या त्याच गावाशेजारी पुढच्या आठवड्यात मोठी मंडई होती. खुर्च्या फेकणारं गावही तिथे यायचंच. आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं निघालो. मॅडम, शालूबाई आणि मी. दुपारचं ऊन, जिलबीची दुकानं, बांगड्या, पाळणा, आणि मधोमध एका खाटेवर माइक घेऊन बसलेला माणूस. कोणाचं पोर हरवलं, कोणाची सायकल सापडली, ते सांगत होता. मॅडमनी त्याच्याकडे माइक मागितला. मंडळाचे अध्यक्ष जवळच होते. ते काही विचारायच्या आत बाई बोलूही लागल्या होत्या.

"मी मेश्राम. वडशाची. कॉम्प्युटरचं काम करते. कुरखेड्याच्या दुकानात तुमी शालूबाईचा जो फोटो पाह्यला तो जुना होता. तो तिथी राह्यला माह्यामुळं. मी मशीनले सांगतलं होतं का वर्षभर मले इच्यारू नोको, मशीननं नाई इच्यारलं. शालूबाईनं दिवाळीच्या आंदीच काम सोडलं होतं. तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. तिनं तुमचा पैसा घेतला नाई, तिनं कोणाले फसवलं नाई. आणि मालकाले हे मागच्या हप्त्यापासून मालूम आहे. शिव्या द्याच्या असन तं मले द्या. मी इथीच उभी आहे."

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. लोक उभे राहून बघत होते. पाळणावाल्यानं पाळणा थांबवला होता, तो त्यानं पुन्हा सुरू केला. कॉम्प्युटरचं किती जणांना कळलं असेल, कोण जाणे. पण गळ्याला रुमाल बांधलेली शालूबाई समोर उभी होती आणि ते सगळ्यांना कळलं. अध्यक्षांनी पुढे होऊन तिच्यासाठी खुर्ची मागवली. एक म्हातारी आली, तिनं शालूबाईचा रुमाल दोन बोटांनी खाली केला, टाक्यांचा वण बघितला आणि विचारलं, "लय दुखते का वं माय?" शालूबाईनं मान हलवली आणि मग मात्र ती रडली. म्हातारी तिथेच तिच्याजवळ बसून राहिली.

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

याचं बक्षीस त्यांना काय मिळालं? दौलतभाऊंनी साइटचं काम काढून घेतलं. एवढ्यावर थांबले नाहीत. घरातलं भांडण मंडईत नेणारी बाई म्हणून त्यांनी सगळ्या कंपन्यांच्या ऑफिसात मॅडमची बदनामी केली. ज्या ज्या मालकांनी वेबसाइट करायचं बोलून ठेवलं होतं, ते एकेक करून गळाले. त्यातल्या दोघांनी मला चहाच्या टपरीवर सांगितलं की बाई बरोबर होत्या, पण असं माइकवर कशाला बोलायचं. मी त्यांना विचारलं की शालूबाईला शिव्या बाजारात दिल्या होत्या ना? मग खुलासा काय कानात करायचा? त्यांनी चहाचे पैसे दिले आणि निघून गेले. साइट पुन्हा नागपूरला गेली आणि पुन्हा अर्ध्या नाकापर्यंत उघडू लागली. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. लोक थांबायला सरावलेले आहेत, आणि या सरावाचाच मॅडमना सगळ्यात जास्त संताप होता.

शालूबाईला पुढच्या हंगामात ब्रह्मपुरीकडच्या एका छोट्या कंपनीनं घेतलं. गळा पहिल्यासारखा उघडला नाही, वरचे सूर गेले. ती आईच्या भूमिका करू लागली आणि त्यांत तिनं नाव काढलं. त्या मंडईच्या गावानं तिला पहिल्याच वर्षी बोलावलं होतं.

मॅडम माझ्या क्लासातच शिकवत राहिल्या. पोस्टरं गेली, फोल्डर गेला, पण मुलांना त्या ते काम दर वर्षी शिकवत. वर्षभराची मुदत त्यांनी सोडली नाही. एका मुलानं विचारलं की एवढं झाल्यावर मुदत एक दिवसाची का करत नाही, तर म्हणाल्या की चोर शिरला म्हणून कोणी दार काढून टाकत नाही. मग फळ्यावर एका फाइलचं नाव लिहीत, त्याखाली त्याच फाइलचं नव्या आकड्याचं दुसरं नाव लिहीत, आणि सांगत, "जुन्याले त्याच्या नावानं राहू द्या. नवं आलं तं त्याले त्याचं नाव द्या. पट्टी माराची नाई." हे त्या इतक्या गंभीरपणे सांगत की मुलं वहीत उतरवायला विसरत.

आई गेल्यानंतर दोनच वर्षांत मॅडम गेल्या. कावीळ झाली, आधी इथे दुर्लक्ष झालं, मग गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला पाठवलं, आणि प्रत्येक ठिकाणी तेच रिपोर्ट नव्यानं मागितले. रिपोर्टांचं पाकीट मी छातीशी धरून उभा असायचो आणि काउंटरवरचा माणूस म्हणायचा, हे चालणार नाही, इथे पुन्हा काढा. मॅडम स्ट्रेचरवरून बघत होत्या. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील. त्यांच्यात तेवढी ताकद राहिली नव्हती, म्हणून त्यांच्या वाटचं मी बोललो. फार बोललो. उपयोग झाला नाही.

शोकसभा विहाराच्या बाजूच्या समाजमंदिरात झाली. क्लासातली मुलं होती, वस्ती होती, आणि दौलतभाऊही आले. एवढंच नाही, मागच्या भिंतीला त्यांनी बॅनर लावून घेतला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, मोठी फुलं, समई, आणि मधोमध मॅडमचं नाव. बोलायलाही तेच पहिले उभे राहिले. सुलोचनाताईंनी झाडीपट्टीच्या रंगभूमीला संगणकाच्या युगात आणलं, असं म्हणाले. मी दात आवळून बसलो होतो. बॅनरकडे बघणं टाळत होतो, म्हणून मला ते दिसलं नाही.

शालूबाईला दिसलं. ती मागच्या रांगेतून उठली, पुढे आली, खुर्ची ओढून तिच्यावर चढली. दौलतभाऊ बोलायचे थांबले. तिनं बॅनरवरच्या मॅडमच्या नावाखाली नख घातलं आणि ओढलं. नाव कागदाच्या पट्टीवर होतं. पट्टी निघाली आणि खाली छापलेलं दुसरंच नाव दिसलं, दिवाळीत वारलेल्या एका राइस मिलवाल्याचं. तिनं बॅनर दोरीसकट खाली ओढला, त्याची घडी केली आणि ती दौलतभाऊंच्या हातात दिली. मग मुलांकडून खडू मागून घेतला आणि मागच्या उघड्या भिंतीवर मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: सुलोचना मेश्राम.

तिचा आवाज त्या ऑपरेशनपासून घोगराच राहिला होता. त्या आवाजात ती दौलतभाऊंना म्हणाली, "आता बोला."

दौलतभाऊ खाली बसले.